रत्नागिरीत लहान मुलांसह राहायला येतोय, घर कोणत्या भागात बघावं?

चाफेकळी

नमस्कार मंडळी,

नवऱ्याची बँकेत बदली झाली आहे, चिंचवडहून रत्नागिरीला, मे महिन्यात तिकडे यायचंय. निदान तीन वर्षं तरी तिकडे राहणं होईल. मुलगी ऑगस्टमध्ये सहा वर्षांची होईल, म्हणजे जूनपासून पहिली. मुलगा दीड वर्षाचा. मी घरून काम करते, दिवसाचा बराच वेळ कॉलवर जातो. सासूबाई सोबत असतील, त्यांचे गुडघे दुखतात. गणपतीपुळ्याला चार दिवस जाऊन आलोय तेवढंच, कोकणातला पावसाळा आमच्यापैकी कुणीच काढलेला नाही.

नवरा जाऊन चार घरं बघून आला. एक पांढऱ्या समुद्राच्या बाजूला, दुसऱ्या मजल्यावर, हॉलच्या खिडकीतून समुद्र दिसतो. मला फोटो पाहूनच ते आवडलं. दुसरं नाचण्यात, नवी इमारत, लिफ्ट आहे, खोल्या मोठ्या. तिसरं बाजाराजवळच्या आळीत, जांभ्या चिऱ्याचं जुनं बैठं घर, मागे विहीर, पुढे पडवी. भाडं सगळ्यात कमी याचंच. चौथं कुवारबावला, स्टेशनजवळ.

शाळा अजून ठरलेली नाही. आधी घर ठरवावं की आधी शाळा? आणि भाग कसा निवडायचा? तिथे राहिलेल्यांनी सविस्तर सांगावं ही विनंती.

रातांबा

ताई, स्वागत. माझा जन्म इथलाच, म्हणून जरा लांबण लावतो.

रत्नागिरी हे दुमजली घर आहे असं समजा. वरचा मजला म्हणजे सडा, जांभ्या कातळाचं पठार: मारुती मंदिर, शिवाजीनगर, आरोग्य मंदिर, साळवी स्टॉप, पुढे कुवारबाव. खालचा मजला म्हणजे रामआळी, तेलीआळी, गोखले नाका, झाडगाव, मांडवी, राजिवडा. या दोन्हींत हवा वेगळी, पाणी वेगळं, चालणंही वेगळं. घर बघताना खोल्या मोजण्याआधी आपण कुठल्या मजल्यावर आहोत ते बघा.

सड्यावर वारा भरपूर, त्यामुळे घरं लवकर सुकतात. पण जांभा सच्छिद्र. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तरी ते पाणी जांभ्यातून झिरपून समुद्राला मिळतं. एप्रिल उजाडला की वरच्या विहिरी तळ दाखवतात. खाली विहिरींना पाणी टिकतं, पण झाडी दाट आणि घराला घर लागून, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये ओल हटत नाही.

शहराला नगरपरिषदेचं पाणी मुख्यतः शीळ धरणातून येतं. नाचणे, कुवारबाव, खेडशी, शिरगाव या ग्रामपंचायती, तिथली व्यवस्था निराळी आणि एकाच रस्त्यावरच्या दोन इमारतींतही फरक पडतो. म्हणून मालकाला "पाणी आहे का" असं विचारू नका, "आहे" असंच उत्तर मिळेल. विचारायचं ते असं: मे महिन्यात टँकर मागवता का? त्याचे पैसे कोण देतं? खालच्या टाकीत किती लिटर मावतं? हेच प्रश्न शेजारच्या बाईला विचारा, खरं उत्तर तिच्याकडे मिळेल.

तुम्ही मे महिन्यात येताय हे चांगलं आहे. पाण्याची परीक्षा मेमध्येच होते.

मुरुगवाडा_किनारा

समुद्राकडच्या घराबद्दल मी सांगते, आम्ही त्याच पट्ट्यात राहतो.

ऑक्टोबर ते मे इथल्यासारखं सुख नाही. संध्याकाळी मुलं वाळूत असतात, मोबाइल कुणालाही आठवत नाही. माझी दोन्ही मुलं अशीच वाढली आणि मला त्याचं समाधान आहे.

पण जून ते सप्टेंबर हा वेगळा संसार असतो. नैर्ऋत्येचा वारा सरळ खिडकीवर येतो. पावसाचा मारा आडवा, काचेच्या फटीतून पाणी आत. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला लाटांचा आवाज रात्रभर. मिऱ्या ते पांढरा समुद्र हा भाग धुपीचा आहे, म्हणून तर दगडी बंधारे बांधावे लागले. खारी हवा लोखंड खाते: ग्रिल, गॅसची शेगडी, फ्रिजची मागची बाजू, एसीचं बाहेरचं यंत्र, स्कूटरचा सायलेन्सर. दर वर्षी आगोटीच्या, म्हणजे पावसाळा सुरू होण्याच्या, आधी ग्रिलला रंग लावावाच लागतो.

आणि दीड वर्षाचं मूल त्या चार महिन्यांत खिडकीतून समुद्र बघणार, बाहेर कुठे नेता येणार नाही. पावसाळ्यात किनाऱ्यावर उतरूच नये, पाण्याची ओढ फार असते. तुमची मुलं मोठी असती तर मी आग्रहाने "या" म्हटलं असतं. आत्ता भाड्याने वरच्या भागात राहा, आणि समुद्रावर संध्याकाळी या. रत्नागिरीत कुठूनही समुद्र लांब नाही.

बालवाडीताई

आधी शाळा, मग घर. निःसंशय.

मुलीचं वय नियमात बसतंय, पहिलीसाठी ३१ डिसेंबरपर्यंत सहा पूर्ण लागतात. पण प्रवेशाची गडबड मेपर्यंत थांबत नाही, तेव्हा या आठवड्यातच फोनाफोनी सुरू करा. मराठी माध्यम हवं असेल तर नगरपरिषदेचं दामले विद्यालय नक्की बघा. सरकारी शाळा म्हणून बाजूला सारू नका. पुढे फाटक, पटवर्धन, शिर्के या जुन्या शाळा आहेतच. इंग्रजी माध्यमाचे पर्यायही बरेच आहेत.

शाळा आधी का, ते सांगते. इथे जूनच्या मध्याला शाळा उघडतात आणि नेमका तेव्हाच पाऊस जोर धरतो. पहिलीतलं पोर, पाठीवर दप्तर, त्यावर रेनकोट, पायात प्लॅस्टिकचे सँडल, आणि रस्त्याच्या कडेने गुडघ्याएवढं लाल पाणी धावतंय. रिक्षाकाका सहा-सात मुलं घेऊन फिरतात. ज्यांचं घर सगळ्यात लांब ते मूल सगळ्यात आधी बसतं आणि सगळ्यात शेवटी उतरतं. माझ्या वर्गात अशी मुलं डबा खायच्या वेळेला पेंगतात. शाळा चालत गाठता येईल अशी असली तर आई-आजी कुणीही सोडू शकते, आणि अतिवृष्टीची सुट्टी ऐनवेळी जाहीर झाली तर दहा मिनिटांत मूल घरी येतं.

कुवारबावचं घर घ्यायचं तर एक गोष्ट नीट बघा: घर आणि शाळा महामार्गाच्या एकाच बाजूला आहेत का? मिऱ्या-नागपूर महामार्ग तिथूनच हातखंब्याकडे जातो. लहान मुलांना रोज तो ओलांडायला लावणं मला पटत नाही.

कातळफूल

नाचण्याबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. आम्ही इथे फ्लॅट घेतला आणि खूश आहोत. हवा मोकळी, गर्दी कमी, मारुती मंदिर दुचाकीवर जवळ. नव्या इमारतीत बाथरूमपासून वायरिंगपर्यंत सगळं धड असतं. जुन्या घराचा मोह लांबून होतो, रोज राहताना लिफ्ट आणि पार्किंग लागतं. सासूबाईंच्या गुडघ्यांचा विचार करा.

एक फायदा इथला कुणी सांगत नाही: इमारतीखालचं पार्किंग. पावसाळ्यात तेच मुलांचं मैदान. आमच्याकडे संध्याकाळी सहा वाजले की गाड्या एका बाजूला सरकवतात, मधल्या जागेत पोरं सायकल फिरवतात, बॅडमिंटन खेळतात, बायका खुर्च्या टाकून बसतात. घर बघायला जाल तेव्हा खाली नुसती गाड्यांची दाटी आहे की पोरांच्या खडूच्या रेघा आहेत ते बघा.

रातांबा

कातळफूल, पार्किंगचा मुद्दा एकदम मान्य. नव्या इमारतीत सगळं धड असतं हे मात्र पहिल्या पावसानंतर बोलावं. स्लॅबवर पत्रा आहे का? इथले जाणते लोक काँक्रीटच्या गच्चीवरही पत्र्याची शेड टाकतात. कारण चार महिने पाणी साठून राहिलं की चांगली गच्चीसुद्धा झिरपते. वर पत्रा नसेल तर सगळ्यात वरचा मजला घेऊ नये.

ताई, उन्हाळ्यात ओल कशी ओळखायची ते सांगतो. पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या भिंतीला हात लावा, रंगाचा पापुद्रा सुटतोय का बघा. मालकाने नुकताच रंग दिला असेल तर कपाटाचं दार उघडून आत वास घ्या, तो रंगाने जात नाही. खिडकीवर छज्जा किती बाहेर आलाय ते बघा, हातभर तरी हवा. जिन्याच्या भिंतीवर काळपट-हिरव्या रेघा असतील तर पाणी तिथूनच उतरतं. आणि कपडे वाळत घालायला आडोशाची जागा. दीड वर्षाचं मूल आहे, दुपटी-झबली चार महिने कुठे वाळवणार? पडवी, बंद गॅलरी, पत्र्याखालची गच्ची, यातलं एक तरी हवंच.

पाखाडी

बैठ्या घराची बाजू मी घेते, कारण मी तशाच घरात राहते.

चिऱ्याच्या भिंती उन्हाळ्यात थंड राहतात. एप्रिलमधल्या दुपारी सासूबाईंना तुमच्या फ्लॅटपेक्षा आमच्या पडवीत बरं वाटेल. जिना नाही, लिफ्ट बंद पडण्याची भीती नाही. आळीत शेजार आहे. माझं बाळ तापाने फणफणलं होतं तेव्हा समोरच्या काकू न सांगता पेज घेऊन आल्या होत्या, आणि शेजारचे काका रात्री औषध आणायला गेले. बाजार, देऊळ, दवाखाना, सगळं पायाखाली. टिळकांचं जन्मस्थान आणि पतितपावन मंदिर ज्या भागात आहे त्या भागात मुलं चालत फिरतात, यालाही किंमत आहे.

पण अटी आहेत. कौलं दर वर्षी आगोटीच्या आधी चाळून घ्यावी लागतात, ती कोण चाळणार हे मालकाशी आधी बोला. विहिरीला लोखंडी जाळी आहे का? दीड वर्षाचं मूल आहे तेव्हा जाळी आणि कुलूप नसेल तर ते घर पुन्हा बघूच नका. आणि आमच्यासारख्या पाखाडीच्या, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या बोळाच्या, आत घर असेल तर शेवाळ धरलेल्या पायऱ्यांवरून गुडघे दुखणाऱ्या माणसाला नेणं अवघड. रिक्षा दारापर्यंत येते का, एवढं एकदा रिक्षात बसूनच बघा.

सड्यावरचा_डॉक्टर

घर शोधणाऱ्या पालकांना मी नेहमी सांगतो ते इथे लिहितो.

मुलांच्या डॉक्टरांकडे पावसाळी रात्री किती वेळात पोचाल? पहिल्या पावसाळ्यात बाहेरून आलेल्या मुलांना सर्दी-खोकला, बुरशीचं त्वचेचं दुखणं, क्वचित दमा असं होतंच. घाबरण्यासारखं नसतं, पण डॉक्टर जवळ हवा. जिल्हा रुग्णालय शहरात आहे, त्याला जोडून आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. मोठं काही निघालं तर लोक सावर्ड्याजवळ डेरवणला किंवा आंबा घाटातून कोल्हापूरला जातात. कोल्हापूर साधारण १३० किलोमीटर, आणि २०२१ च्या जुलैसारखा पाऊस झाला की घाटच बंद पडतो. म्हणून रोजच्या दुखण्याचा डॉक्टर हाताशी असणं इथे पुण्यापेक्षा जास्त महत्त्वाचं.

दुसरं, फुरसं हा साप. सड्यावर, विशेषतः नव्या वसाहतींच्या कडेला कातळ आणि गवत असतं, तिथे फुरशी निघतात. आकाराने लहान असतं, लोकांना पिल्लू वाटतं, पण ते विषारीच. चिऱ्यांचे ढीग, लाकूडफाटा दारात ठेवू नका. रात्री बॅटरीशिवाय बाहेर पडू नका, मुलांचे बूट झटकून घाला. चावलंच तर दोरी आवळून बांधू नका, कापू नका. हातपाय हलू न देता थेट सरकारी दवाखाना गाठा. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही विषांवर चावल्यानंतर द्यायचं एकच प्रतिविष चालतं.

कुंपण असलेली, आजूबाजूचं गवत कापलेली सोसायटी असेल तर काळजी बरीच कमी होते.

वाशिष्ठीकाठ

थोडं अवांतर, पण हा धागा पुढे चिपळूणला बदलून येणारेही वाचतील. चिपळुणात पहिला प्रश्न एकच: २२ जुलै २०२१ ला या घरात पाणी किती आलं होतं? बाजारपेठ, चिंचनाका, मार्कंडी, सगळं पाण्यात होतं. त्याआधी २००५ ला होतं. कित्येक भिंतींवर अजून रेघ दिसते. निळ्या-लाल पूररेषेचे नकाशे नगरपरिषदेत बघायला मिळतात, पण त्याआधी खालच्या दुकानदाराला विचारा, तो छातीवर हात ठेवून उंची दाखवेल. लहान मुलं आणि म्हातारं माणूस असेल तर तळमजला नकोच.

रत्नागिरी शहराला नदीच्या पुराचा तसा धोका नाही. पण स्वस्त म्हणून काजळी नदीच्या अंगाने आत जाणार असाल तर लक्षात ठेवा, नदी भरली की चांदेराईच्या बाजारपेठेत पाणी शिरतं.

चाफेकळी

सगळ्यांचे मनापासून आभार. कपाटाचा वास, विहिरीची जाळी, खडूच्या रेघा, हे आम्हाला कुणा एजंटाने सांगितलं नसतं. समुद्राकडचं घर सोडून दिलं आहे. वाईट वाटलं, पण मुरुगवाड्याच्या ताईंचं पटलं.

आता दोन प्रश्न राहिले. एक, घरून काम करायचं तर वीज आणि इंटरनेट? दोन, दीड वर्षाच्या मुलाला सांभाळायला मदतनीस मिळतात का? पाळणाघर?

कातळफूल

मीही घरून काम करतो. मेच्या मध्यापासून वळीव सुरू होतो. वाऱ्याने फांदी तारेवर पडली की वीज गेली. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं तेव्हा तर कित्येक गावं अंधारात होती. इन्व्हर्टर घ्याच, बॅटरी मोठी घ्या. इंटरनेट दोन वेगवेगळ्या कंपन्यांचं ठेवा, एक केबलचं आणि एक मोबाइलवरचं. घर बघायला जाल तेव्हा ज्या खोलीत काम करणार त्याच खोलीत दार लावून व्हिडिओ कॉल करून बघा. चिऱ्याच्या जाड भिंतीत मोबाइलची रेंज खूप पडते.

विजांचा कडकडाट सुरू झाला की मोडेमचा प्लग काढून ठेवायचा. सड्यावर वीज पडून मोडेम, टीव्ही जळण्याचे प्रकार होतात.

पाखाडी

मदतनीस मिळतात आणि जीव लावून सांभाळतात. पण त्यांचं वर्ष समजून घ्या. जुलैमध्ये भातलावणीला त्या गावी जातात, गणपतीत जातात, शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी घरी येते तेव्हा जातात. हे ठरलेलं आहे, त्यात पगार वाढवून फरक पडत नाही आणि पडूही नये. तुमची वर्षभराची रजा त्या हिशेबाने आखा. गणपतीत तर निम्म्या इमारती रिकाम्या होतात, सगळे आपापल्या वाडीत.

म्हणूनच मी शेजारावर भर देतेय. मावशी लावणीला गेली की दुपारचे दोन तास मुलाला कोण बघेल? ज्या इमारतीत दुपारी आज्या घरात असतात, तिथे घर घ्या. पाळणाघरं शहरात आहेत, थोडी आहेत, मुख्यतः मारुती मंदिराच्या आसपासच्या भागात चौकशी करा.

खेडशीवाला

कुवारबावच्या बाजूने एकच सांगतो. नवरा दर शनिवार-रविवार मुंबईला ये-जा करणार असता तर स्टेशनजवळचं घर सोन्यासारखं होतं. स्टेशन शहराच्या मध्यापासून सहा-सात किलोमीटरवर आहे, पहाटेची गाडी असली की रिक्षाचा प्रश्न येतो. पण नवऱ्याचं ऑफिस शहरात, मुलीची शाळा शहरात. मग रोज दोघांनी उलटा प्रवास का करायचा? नवऱ्याच्या बँकेची शाखा नेमकी कुठे आहे?

चाफेकळी

शाखा जयस्तंभाजवळ. तुमचं बरोबर आहे, कुवारबावही बाजूला ठेवलं.

या रविवारी आम्ही सगळे येऊन गेलो, सासूबाईंसकट. मुलीचा प्रवेश आरोग्य मंदिराच्या बाजूच्या एका शाळेत नक्की झाला, म्हणून त्याच पट्ट्यात आणखी घरं बघितली. आळीतल्या जांभ्याच्या घरी सासूबाई पडवीत बसल्या आणि उठायलाच तयार नव्हत्या. पण विहिरीला जाळी नव्हती, आणि बसवून द्यायला मालक टाळाटाळ करत होते. तिथे विषय संपला.

शिवाजीनगरात पहिल्या मजल्यावर एक घर आवडलं. इमारत जुनी, तीन मजली, लिफ्ट नाही, पण पायऱ्या उथळ आहेत, आजी कठडा धरून दोनदा चढल्या-उतरल्या. वर पत्रा आहे. समोरच्या वहिनींनी न विचारता पाण्याची वेळ सांगितली आणि मेमध्ये टँकर येतो, पैसे सगळे वाटून घेतात, हेही सांगितलं. खाली पार्किंगमध्ये भिंतीवर खडूने स्टंप काढलेले होते! शाळा चालत बारा मिनिटं, मुलीच्या पावलांनी. मुलांचे डॉक्टर त्याच रस्त्यावर. खोल्या नाचण्याच्या घरापेक्षा लहान आहेत आणि भाडं जास्त, तरी आम्ही हेच घेतोय.

करार करताना काय बघायचं?

रातांबा

छान घर शोधलंत. अकरा महिन्यांचा असला तरी करार नोंदवूनच घ्या, नुसत्या स्टॅम्पपेपरवर सही नको. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे, ऑनलाइनही होते. तोच पुढे गॅसला, शाळेला, बँकेला पत्त्याचा पुरावा म्हणून चालतो. करारात तीन गोष्टी लिहून घ्या: गळती निघाली तर दुरुस्ती कोण करणार, टँकरचा वाटा किती, आणि गच्चीवर पत्र्याखाली कपडे वाळवायची मुभा. मासे शिजवण्यावरून कुणाची हरकत आहे का तेही आत्ताच विचारून घ्या.

सामानाचा ट्रक मे महिन्यातच आणा, मृग लागायच्या आत. घाटात पाऊस सुरू झाला की ताडपत्रीखालून गाद्या भिजतातच. भुसा दाबून केलेल्या फळ्यांची कपाटं असतील तर ती पुण्यातच विकून या, इथे एका पावसात फुगतात. लोखंडी कपाटाला पाय असतील तर खाली लाकडी ठोकळे घाला आणि भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवा.

चाफेकळी

मुलीचं अभ्यासाचं टेबल भुशाच्या फळीचंच आहे. इथे सागाचं किंवा फणसाच्या लाकडाचं करून देणारे सुतार मिळतील का?

मुरुगवाडा_किनारा

फणसाचं करून घ्या, उत्तम होतं, वाळवीही सहसा लागत नाही. मात्र सुतारांना मेच्या पहिल्या आठवड्यात सांगा, नंतर सगळे आगोटीच्या कामांत अडकतात. आमच्या नेहमीच्या सुतारांचा नंबर व्यक्तिगत निरोपातून पाठवते.